पलंगाचं चित्र

अण्णा ट्रकला चावी लावायच्या आधी हातात टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन गाडीभोवती एक फेरी मारायचे आणि प्रत्येक टायरवर एक दणका द्यायचे. मागच्या जोडीतला आतला टायर बसलाय का ते बाहेरून नीट दिसत नाही, बाहेरचा टायर त्याला झाकून टाकतो, म्हणून मग आवाज ऐकायचा. टणटणीत आवाज आला की हवा भरलेली, धप्प आला की पंक्चर. मी तेव्हा आठवी-नववीत असेन, मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्याबरोबर क्लीनर म्हणून जायचो, आणि दणका दिला की ते माझ्याकडे बघून विचारायचे, "काय म्हंतोय?" म्हणजे टायर काय म्हणतोय.

पंचवीस वर्षांनी इंग्लंडमध्ये एका ड्रायव्हिंग टेस्ट सेंटरच्या यार्डात पिवळं जॅकेट घातलेल्या परीक्षक बाई मला म्हणाल्या, सकाळी गाडी ताब्यात घेतलीत असं समजा आणि निघायच्या आधी काय काय बघता ते मला दाखवा. मी फेरी सुरू केली. टायरच्या कडेला फुगवटा आहे का, कुठे चिरलाय का, नक्षी लॉरीला निदान 1 मिलीमीटर तरी पाहिजे, चाकाच्या नटांवर छोटे प्लॅस्टिकचे बाण लावलेले असतात ते एकमेकांकडे तोंड करून आहेत का, एखादा फिरला असेल तर नट ढिला झालाय. हे सगळं बोलत होतो आणि हात रिकामा रिकामा वाटत होता. टॉमी नव्हती ना हातात.

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. दहाचाकी चालवायचे, तासगावातनं बेदाणा नाहीतर साखर भरून बेंगळुरूकडे, परतीला मिळेल तो माल. आमच्या घरात ड्रायव्हरकी म्हणजे शिक्षण झालं नाही म्हणून करायचा धंदा असंच बोललं जायचं, अण्णा स्वतःही तसंच बोलायचे. मला शिकवलं, मी डिप्लोमा केला, नोकरी केली, आणि बायकोला इकडच्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून काम मिळालं तेव्हा 2022 मध्ये आम्ही मुलीला घेऊन नॉर्थॅम्प्टनला आलो. मला मिळालं ते डॅव्हेंट्रीच्या बाजूला एका वेअरहाउसमध्ये रात्रपाळीचं काम. हा सगळा भाग म्हणजे गोदामांचं आगरच आहे, एम वन मोटरवे जवळ, इथून देशाच्या कुठल्याही बाजूला माल जातो. रात्री दोन-तीनला डॉकवर, म्हणजे माल चढवायच्या धक्क्यावर, उभा राहून मी लॉऱ्या मागे येताना बघायचो, सोळा मीटरची गाडी दोन्ही बाजूला हातभर जागा ठेवून अलगद रबराला टेकायची, आणि मला अण्णांची आठवण यायची. आम्ही यायच्या आदल्या वर्षी, 2021 च्या सप्टेंबरात, टँकरला ड्रायव्हर नाहीत म्हणून इथे पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या, ते किस्से कामावरचे लोक अजून सांगत होते. ड्रायव्हर नसला की काय होतं ते त्या महिन्यात अख्ख्या देशाने बघितलं. मग एके दिवशी मी बायकोला म्हटलं, मी लॉरीचं लायसन्स काढतो. ती म्हणाली, "काढ की. पण अण्णांसारखं रात्रंदिवस नको." ते मी लक्षात ठेवलं.

आपलं भारतातलं लायसन्स इथे बदलून मिळत नाही. राहायला आल्यापासून बारा महिने त्यावर कार चालवता येते, लॉरीचा तर प्रश्नच नाही, म्हणून आधी कारची टेस्ट पहिल्यापासून दिली. मग लॉरीचं प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स. त्याला दोन फॉर्म लागतात, डी टू आणि डी फोर, त्यातला डी फोर डॉक्टरने तपासून भरायचा. नजर, रक्तदाब, शुगर, फिट येते का, हृदयाचं काही आहे का. आणि झोप. दिवसा अनावर झोप येते का, झोपेत श्वास अडकायचा आजार आहे का, हे ड्रायव्हरला लायसन्स देण्याआधी सरकार विचारतं. डॉक्टर टाइप करत होत्या आणि मी त्या ओळीकडे बघत बसलो होतो. आमच्याकडे झोप ही ड्रायव्हरने सहन करायची गोष्ट होती. चहा, तंबाखू, तोंडावर पाणी, क्लीनरने मारलेल्या गप्पा. माझं क्लीनर म्हणून खरं काम तेच होतं, अण्णांना जागं ठेवणं.

इथली पद्धत थोडी सांगतो, कारण आपल्या लोकांपैकी बऱ्याच जणांना ती माहिती नसते. लायसन्स मिळालं म्हणजे लॉरी चालवता येते, पण चालवून पोट भरायचं असेल तर वर आणखी एक पात्रता लागते, ड्रायव्हर सीपीसी, सर्टिफिकेट ऑफ प्रोफेशनल कॉम्पिटन्स. युरोपातनं आलेला नियम आहे, लॉरीवाल्यांना 2009 पासून लागू झाला. एकूण चार मॉड्यूल. पहिलं थिअरी आणि हॅझर्ड परसेप्शन म्हणजे धोका ओळखणं, दुसरं केस स्टडी, तिसरं प्रत्यक्ष चालवणं, चौथं ते यार्डातलं, गाडीभोवती फिरून दाखवायचं. आणि एवढं करून संपत नाही, दर पाच वर्षांत 35 तासांचं ट्रेनिंग घेतलं नाही तर कार्ड बाद. पूर्वी आधी क्लास सी म्हणजे साधी एकसंध लॉरी पास करायला लागायची आणि मग ट्रेलरची, 2021 च्या नोव्हेंबरपासून थेट ट्रेलरची टेस्ट देता येते, मी तीच धरली.

थिअरीला 100 प्रश्न, पास व्हायला 85. रात्रपाळी संपली की बसमध्ये फोनवर प्रश्न सोडवायचो. पूल कितीच्या खाली असेल तर उंचीची पाटी लावतात (साडेसोळा फूट), आपल्या गाडीची उंची केबिनमध्ये कुठे लिहिलेली पाहिजे, माल कसा बांधायचा, ट्रेलरची ताडपत्री वाऱ्याने फुगली तर काय. पुलांचं प्रकरण इथे फार गंभीर आहे, जुने रेल्वेचे पूल, विटांच्या कमानी, आणि त्याला धडकणाऱ्या लॉऱ्या. कमान असेल तर गाडीची उंची फक्त मधोमध मावते, कडेला नाही. मला हा अभ्यास खरंच आवडला. अण्णांना माहीत असलेल्या अर्ध्याहून जास्त गोष्टी तिथे छापलेल्या होत्या. फक्त अण्णांना त्या कुणी कधी विचारल्या नव्हत्या, त्यामुळे ते ज्ञान आहे असं त्यांनाही कधी वाटलं नाही.

हॅझर्ड परसेप्शनला मात्र अडलो. रस्त्याच्या 19 क्लिप दाखवतात, त्यात 20 धोके, धोका तयार व्हायला लागला की क्लिक करायचं, 100 पैकी 67 पाहिजेत. मी सरावात सारखा नापास. कारण मला सगळंच दिसायचं! फुटपाथवरचं पोरगं, कुत्रा, उघडं फाटक, उभी कार, आपल्या रस्त्यावर वाढलेला डोळा तो, सगळीकडे क्लिक, आणि फार क्लिक केले की ते मशीन त्या क्लिपला शून्य देतं. शिकवणाऱ्या मास्तरने (साठीचे, तीस वर्षं लॉरी चालवलेले गृहस्थ) मला सांगितलं की दिसतंय ते सगळं धोका नाही, ज्याच्यामुळे तुला वेग कमी करायला लागेल किंवा दिशा बदलायला लागेल तोच मोजायचा. मग माझ्या लक्षात आलं की मी बघत बरोबर होतो पण मनात पुढचं पाऊल वेगळं होतं. पोरगं दिसलं की हॉर्न मारून बाजूने काढायची, हे माझ्या हाताला ठाऊक होतं. इथे पोरगं दिसलं की पाय आधी उचलायचा असतो. एवढा एक बदल डोक्यात बसायला मला दीड महिना लागला.

मग केस स्टडी. एका ड्रायव्हरच्या दिवसाची गोष्ट देतात आणि त्यावर प्रश्न, अशा सात गोष्टी. आणि इथे मला तो डबा पहिल्यांदा नीट समजला. लॉरीच्या केबिनमध्ये, बहुतेक वेळा विंडस्क्रीनच्या वर, रेडिओएवढा एक डबा असतो, टॅकोग्राफ. आपलं कार्ड त्यात घालायचं. त्याच्या छोट्या स्क्रीनवर चार चित्रं येतात. स्टेअरिंग म्हणजे गाडी चालू आहे. आडवे-उभे दोन हातोडे म्हणजे दुसरं काम, माल चढवणं-उतरवणं वगैरे. चौकोनात तिरकी रेघ म्हणजे काम नाही पण बोलावणं येऊ शकतं. आणि चौथं चित्र पलंगाचं. पलंग म्हणजे विश्रांती. चाक फिरायला लागलं की स्टेअरिंग आपोआप येतं, ते थांबवता येत नाही, पण पलंग आपण स्वतः लावायचा.

साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबायचं. दोन तुकडे करता येतात पण पहिला निदान 15 चा आणि दुसरा निदान 30 चा, ह्याच क्रमाने. म्हणजे वीस आणि पंचवीस अशी थांबलात तर बेरीज 45 होते पण चालत नाही, पुस्तकात अगदी हाच प्रश्न होता आणि मी तो चुकलो. दिवसाला नऊ तास चालवणं, आठवड्यातनं दोनदा दहा. आठवड्याला 56, दोन आठवड्यांचे मिळून 90 च्या वर नाही. रात्रीला अकरा तास विश्रांती, काही वेळा नऊ. मी हे सगळं वहीत लिहून काढलं, आणि बाजूला, का ते माहीत नाही, अण्णांची एक ट्रिप लिहायला लागलो. संध्याकाळी सातला तासगाव. पहाटे हुबळी. दुपारी बेंगळुरू. खाली करायला वेळ लागला, परतीचं भाडं संध्याकाळी भरलं, लगेच निघाले. दुसरी रात्र. बेळगाव मागे पडलं.

निपाणीच्या अलीकडे पहाटे चारच्या सुमाराला अण्णांचा डोळा लागला. मी त्या ट्रिपला नव्हतो, शाळा सुरू झाली होती. गाडी रस्ता सोडून उसात गेली आणि आडवी झाली. समोरून कुणी येत नव्हतं म्हणून कुणी मेलं नाही. क्लीनरचा हात मोडला. अण्णांचा उजवा गुडघा केबिनमध्ये चेंबला तो परत कधी पुरता वाकला नाही, ते परत ड्रायव्हिंगला बसले नाहीत. मालक दवाखान्यात आला आणि त्याने विचारलं, "झोप लागलीच कशी?" हे वाक्य मी स्वतः ऐकलंय, कॉटच्या पायाशी उभा होतो. आणि अण्णा काही बोलले नाहीत, मान खाली. घरी पण सगळे तेच म्हणायचे, झोप लागली, जसं काही चोरी केली. आजीसुद्धा पाहुण्यांना हळू आवाजात सांगायची. पंचवीस वर्षं त्या माणसाने हे अंगावर घेतलंय.

आणि माझ्या पुस्तकात छापलं होतं की ड्रायव्हरला नियम पाळता येतील असंच काम आखून देणं ही मालकाची जबाबदारी आहे. किती अंतर कापलं आणि किती माल नेला त्यावर पैसे द्यायचे नाहीत, जर त्यामुळे रस्त्यावर धोका होणार असेल. हे कायद्यात आहे, युरोपच्या 2006 च्या नियमात, ब्रेक्झिटनंतर इथेही ठेवलेलं. अण्णांना ट्रिपवर पैसे मिळायचे. लवकर आलात तर दुसरी ट्रिप. त्या रात्री किचनच्या टेबलावर मी ते पान कितीदा वाचलं सांगता येत नाही.

मग मी आपल्याकडचा कायदा शोधला, कारण मला वाटलं आपल्याकडे नसणारच. होता. मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट, 1961, तो 2025 पर्यंत लागू होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला 48, पाच तासांच्या वर सलग नाही, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती. आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 91 व्या कलमात सांगितलं होतं की मालवाहू गाडी चालवणाऱ्याचे तास ह्याच 1961 च्या कायद्याप्रमाणे. म्हणजे दिवसाच्या आणि आठवड्याच्या तासांकडे बघितलं तर आपला कायदा इथल्यापेक्षा कडकच म्हणायचा. आपल्याकडे नव्हता तो डबा, आणि तो डबा उघडून बघणारा माणूस. अण्णांचे तास कुठेच लिहिले जात नव्हते, फक्त अण्णांच्या डोळ्यांत.

मी अण्णांना फोन केला. म्हटलं, अण्णा, आठ तासांचा कायदा होता, तुम्ही चालवत होता तेव्हासुद्धा होता, एकसष्ट सालापासून. बराच वेळ ते बोललेच नाहीत, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "एकसष्ट साली मी एका वर्साचा आसंन." आणि थोड्या वेळाने, "मालकाला ठावं हुतं का रं?" मी म्हटलं असणार की. ते म्हणाले, "मग त्यानं दवाखान्यात आसं कसं इचारलं." मला त्याचं उत्तर देता आलं नाही. आता त्यांच्याकडे बघून वाटतं की हा प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारायला पाहिजे होता, पण त्यांच्या हातात काही कागद नव्हता, कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं की विचारता येतो.

चालवण्याचं फार लांबवत नाही. ट्रेलर मागे घ्यायचा, प्लॅस्टिकच्या शंकूंच्या मधून एसच्या आकारात, आणि शेवटी बेमध्ये, म्हणजे आखलेल्या जागेत, नेऊन उभा करायचा, ते मला बाकीच्यांपेक्षा लवकर जमलं आणि त्याचं कारण ऊस. गावाकडे दोनचाकी ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर मी रिव्हर्स घेतलेला होता, स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रॉली उजवीकडे जाते हे मनगटात होतं, लॉरीचा ट्रेलर लांब असल्याने तेच फक्त सावकाश होतं आणि आधी सुचावं लागतं. ट्रेलर सोडणं-जोडणं मात्र पाठ केलं. ब्रेक, ट्रेलरचे पाय खाली, लाल-पिवळ्या हवेच्या नळ्या काढणं (इथे त्यांना सुझी म्हणतात, का ते मला कुणी सांगू शकलं नाही), क्लिप, पिन, नंबरप्लेट. आणि जोडताना, पिन बसली असं वाटलं तरी पहिल्या गिअरमध्ये ओढून बघायचं, सुटतोय का. मास्तर म्हणायचे, वाटण्यावर कधी जाऊ नकोस, ओढून बघ.

रस्त्यावरच्या टेस्टला पहिल्यांदा नापास झालो. डावीकडे वळताना डाव्या आरशात बघितलं नाही. म्हणजे बघितलं होतं, पण वळायच्या बरंच आधी, आणि नेमकं वळताना नाही, आणि मधल्या वेळात एक सायकलवाली मुलगी माझ्या आणि फुटपाथच्या मध्ये येऊन थांबली होती. परीक्षकांनी ब्रेक दाबायला सांगितलं. काही झालं नाही. मुलीला कळलंसुद्धा नाही, ती हेडफोन लावून निघून गेली. ट्रेलरची मागची चाकं वळताना आत कापत जातात, ती मुलगी बरोबर तिथे होती. एक गंभीर चूक म्हणजे नापास, आणि मला त्याबद्दल जराही तक्रार नाही. दोन रात्री मला तिची पिवळी पिशवी दिसत होती. तिसऱ्या दिवशी परत क्लासला गेलो आणि तास दोन तास फक्त डावीकडे वळणं, वळायच्या आधी आरसा, वळताना आरसा, वळून झाल्यावर आरसा. पाच आठवड्यांनी पास झालो. त्यानंतर दहा दिवसांनी ते चौथं मॉड्यूल, यार्डातलं, आणि मग एका सकाळी पोस्टाने कार्ड आलं.

इथे सगळं छान आहे असं मला सांगायचं नाहीये. रात्री थांबायला जागा मिळत नाही, मोटरवेच्या कडेला थांबायची ठिकाणं असतात, सर्व्हिसेस, तिथलं लॉरीपार्क संध्याकाळी सहा-सातलाच भरतं, मग लेबायमध्ये, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या थांब्यात, जिथे ना संडास ना पाणी, बाजूने गाड्या सुसाट जात असताना झोपायचं. थांब म्हणणारा कायदा आहे, कुठे थांबायचं ते कायदा सांगत नाही. बायका ह्या धंद्यात कमी का येतात ते एक रात्र लेबायमध्ये काढली की समजतं. ह्यावर इथले ड्रायव्हर बोलतात, लिहितात, आणि बोललंच पाहिजे.

पहिल्या दिवशी मला डॅव्हेंट्रीहून वर यॉर्कशायरकडे जायचं होतं. परत येताना सव्वाचार तास झाले तेव्हा डबा टुकटुक करायला लागला आणि मी एका सर्व्हिसेसमध्ये घेतली. इंजिन बंद केलं, हँडब्रेक, आणि बटण दाबून पलंग लावला. स्क्रीनवर पलंगाचं ते एवढंसं चित्र आलं आणि शेजारी मिनिटं मोजायला सुरुवात झाली. जेवणाचा डबा काढला, पोळी-भाजी खाल्ली, आणि अण्णांना फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, मागून म्हशीचा आवाज येत होता.

"पोचलास?"

"नाही अण्णा, मधे थांबलोय. ब्रेक आहे, पंचेचाळीस मिनिटांचा."

"मालकाचा फोन नाही आला?"

"नाही. त्याला दिसतंय तिकडे स्क्रीनवर, मी थांबलोय ते."

"आनी काय म्हनत न्हाई?"

"नाही म्हणत."

अण्णा गप्प. मग विचारलं, "किती ऱ्हायली?"

मी वर बघितलं. "एकतीस मिनिटं."

"मग फोन कशाला करत बसलाईस," अण्णा म्हणाले, "पड की जरा."